विंग्स दर वेळी नरम का पडतात? दुकानापासून ताटापर्यंतचं समस्या निवारण

घरी विंग्स केले की तक्रारी ठरलेल्या. बाहेरून मऊ पडले. मसाला काळा झाला, हाडापाशी मात्र गुलाबीच दिसतंय. चमडी दाताने ओढून तोडावी लागते. तेल इतकं उडालं की ओट्यापासून दोन हात लांब उभं राहावं लागलं. मग पुढच्या रविवारी माणूस मसाला बदलतो, दह्याच्या जागी लिंबू घेतो, यूट्यूबवर नवी रेसिपी शोधतो, आणि ताटात परत तेच येतं.

मसाल्याचा यात फारसा दोष नसतो. विंग्स बिघडतात त्या दोन कारणांनी: चमडी नसते आणि पाणी असतं. त्यातलं पहिलं कारण तर आपल्या स्वयंपाकघरात घडतच नाही, ते चिकनच्या दुकानात वजनकाट्यावर जायच्या आधीच घडून गेलेलं असतं. म्हणून सुरुवात तिथून.

"विंग्स आणले, पण कुरकुरीत व्हायला त्यात काही नव्हतंच"

नागपुरात दुकान गोकुळपेठेतलं असो, मोमिनपुऱ्यातलं असो की मनीषनगरच्या कोपऱ्यावरचं, नुसतं "एक किलो विंग्स द्या भाऊ" म्हटलं की बहुतेक ठिकाणी चमडी काढलेले विंग्स पिशवीत पडतात. कारण सरळ आहे. पिसं वेगळी काढायची तर कोंबडी साठेक अंशाच्या गरम पाण्यात बुडवावी लागते आणि मग रबरी बोटांच्या ड्रममध्ये फिरवावी लागते. चमडी पिसांसकट ओढून काढली की काम मिनिटाभरात संपतं, पाणी तापवायला नको, मशीन नको. शिवाय आपल्याकडचं गिऱ्हाईक चमडीला नाक मुरडतं. रस्सा करायचा असेल तर ते ठीकच आहे, रश्शात चमडी लिबलिबीत होते.

विंग्सचं गणित मात्र उलटं. विंगमध्ये मांस थोडं, हाड आणि चमडी जास्त. तापल्यावर चमडीतली चरबी वितळून बाहेर येते, तिच्यातलं कोलॅजन, म्हणजे चिवट प्रथिन, मऊ पडतं, पाणी उडून जातं आणि जो पातळ कोरडा पापुद्रा उरतो तोच कुरकुरतो. उघड्या मांसाला असा पापुद्रा नाही. ते जितकं तापवाल तितकं आकसतं आणि चिवट होतं. एअर फ्रायर वीस हजारांचा असला तरी नसलेली चमडी तो आणणार कुठून?

त्यामुळे दुकानात स्पष्ट सांगा: विथ स्किन पाहिजे, पिसं मशीनवर काढा. सगळीकडे "विथ स्किन" हाच शब्द चालतो, हिंदीत बोलणारा दुकानदार असला तरी. मशीन नसलेला भाऊ सरळ नाही म्हणेल, किंवा म्हणेल "करून देतो" आणि अर्धी चमडी फाडून ठेवेल. अशा वेळी दुसरं दुकान बघा. विथ स्किन माल किलोला थोडा स्वस्तच पडतो, कारण चमडीचंही वजन होतं. तो स्वस्त आहे म्हणून हलका समजू नका.

दुसरी गोष्ट फारसं कोणी लक्षात घेत नाही. एका कोंबडीला पंख दोनच. आपल्याकडच्या दुकानातल्या ब्रॉयलरचा अख्खा पंख साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम भरतो, म्हणजे किलोभर विंग्सना सहा ते आठ कोंबड्या लागतात. छोट्या दुकानात लोक करी कट नेतात, त्यात पंख जाऊनच जातात. मग ऐन वेळी किलोभर विंग्स कुठून येणार? एक तर फ्रीजरमधून, नाही तर कालपासून साठवलेल्या डब्यातून. म्हणून आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा. ज्या दुकानातून हॉटेलांना बोनलेस जातं तिथे पंख रोज ताजे उरतात. असं एक दुकान धरून ठेवलं की निम्मी कटकट गेली.

श्रावणात दुकानं ओस असतात, तेव्हा माल किती वेळ पडून आहे हे विचारलंच पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कर असते तेव्हा, उलटी परिस्थिती. महिनाभराचा उपास सुटतो, दुकानासमोर रांग लागते आणि कापणाऱ्याला मान वर करायला वेळ नसतो. त्या दिवशी विंग्सच्या भानगडीत पडू नये. मटणाचा सावजी रस्सा करावा आणि गप जेवावं.

माल हातात घेतल्यावर काय पाहायचं

चमडी फिकट पिवळसर किंवा गुलाबी-पांढरी, ओलसर पण चिकट नाही. बोट लावल्यावर तार सुटत असेल तर घेऊ नका. वास आंबूस किंवा नवसागरासारखा येत असेल तर तो धुऊन जात नाही, हळद-मिठानेही नाही. सांध्यापाशी निळे-हिरवे डाग म्हणजे कोंबडी पकडताना किंवा गाडीतून आणताना मार लागलेला असतो. एखाद्या तुकड्यावर असेल तर तेवढा भाग कापून टाकता येतो, पण सगळेच तसे असतील तर परत करा. पंख मोडलेला असेल तर सांध्यात रक्त साकळतं, तेच पुढे शिजल्यावर काळं दिसतं.

चमडीत पिसांची बारीक मुळं राहतात. ती चिमट्याने काढत बसण्यापेक्षा विंग चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा, जळून जातात. गावरानी कोंबडी आपल्याकडे हळद लावून भुंजतात, तसंच. गावरानीवरून आठवलं: तिचे पंख या कामाला घेऊ नका. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचा असतो, गावरानी वयाने त्याच्यापेक्षा बरीच मोठी. तिचे पंख कुकरशिवाय मऊ होत नाहीत.

फ्रोजन पाकीट घेत असाल तर आत बर्फाचे खडे सुटे झाले आहेत का बघा. पाकिटात खडखडाट असेल तर माल मध्ये कधीतरी वितळून परत गोठला आहे. ते पाणी पुढे कढईत तुमच्या अंगावर उडेल.

आणि घरी आणताना चिकन शेवटी घ्या. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि बंद डिक्कीत त्याहून जास्त. कच्चं चिकन बत्तीस अंशांच्या वरच्या हवेत एका तासापेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे. आपल्या उन्हाळ्यात तर तो तासही मी पूर्ण वापरत नाही. चिकन घेऊन मग भाजी, मग रसवंती, मग मित्राकडे पाच मिनिटं, हे चालायचं नाही. डब्यात बर्फ घालून न्या आणि सकाळीच उरका.

"तेल फार उडतं, आणि तरी कुरकुरीत होत नाही"

ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. चमडीवर पाणी असेल तोवर तिचं तापमान शंभर अंशांच्या फार वर जाऊच शकत नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तांबूस रंग आणि भाजल्याचा तो वास यायला साधारण एकशे चाळीसच्या पुढे जावं लागतं. म्हणजे ओले विंग्स कढईत टाकले की पहिली काही मिनिटं तुम्ही तळत नसता, तेलात उकडत असता. आणि तीच वाफ तेल उडवते.

आपल्याकडे चिकन धुतल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. अमेरिकेचं कृषी खातं तर धुवूच नका म्हणतं, कारण नळाखाली धरलं की शिंतोडे उडून साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू सिंकभर, बाजूच्या कोशिंबिरीच्या भांड्यापर्यंत जातात. शिजवल्यावर ते मरतातच, धुण्याने मरत नाहीत. हे ऐकूनही धुणार असालच, तर नळाखाली नको, मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा आणि सिंक नंतर साबणाने घासा.

त्यानंतर पुसणं. नुसतं चाळणीत निथळून चालत नाही. टिश्यू पेपर किंवा याच कामासाठी ठेवलेलं सुती फडकं घेऊन एकेक तुकडा दाबून कोरडा करा, सांध्याच्या खाचेतसुद्धा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. मग किलोला दीड लहान चमचा बारीक मीठ चोळून, जाळीवर एकमेकांना न चिकटता मांडून, खाली ताट ठेवून, रात्रभर फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात उघडे ठेवा. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, मग ते खारं पाणी मांसात परत मुरतं आणि फ्रिजची कोरडी हवा चमडी सुकवते. सकाळी हात लावला तर चमडी कागदासारखी कोरडी लागली पाहिजे. एवढं एक केलं आणि बाकी काहीच केलं नाही तरी फरक दिसेल.

आता खरी अडचण. बऱ्याच घरांत फ्रिज एकच असतो आणि त्यात आजीचं विरजण, देवाचं दूध, उपासाचा साबुदाणा. माळकरी माणूस घरात असेल तर उघडं चिकन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं नाव काढता येत नाही, आणि काढूही नये. त्यावर उपाय वाफेचा. जुन्या इडलीपात्रात किंवा चाळणी ठेवलेल्या पातेल्यात विंग्स दहा मिनिटं वाफवा. चमडीखालची बरीच चरबी खाली गळून जाते, मांस जवळजवळ शिजतं. बाहेर काढून जाळीवर पसरले की स्वतःच्या उष्णतेनेच वरचं पाणी उडतं. थंड झाल्यावर परत एकदा पुसा आणि मग ओव्हनला किंवा तेलात टाका. वाफवून मग कुरकुरीत होतं हे ऐकायला उलटं वाटतं, पण होतं. खाली जमलेलं पाणी टाकू नका, रश्शात घाला.

विंगचं टोक, ज्याला मांस नाही, ते आधीच कापा. त्यात पाणी आणि कूर्चा अडकलेली असते आणि फट्कन फुटते ती तिथेच. सांध्यावर बोटाने चाचपून मऊ जागा सापडली की सुरी सरळ जाते, हाडावर जोर लावावा लागत नाही. उरतात दोन तुकडे: एक हाडवाला जाड, ज्याचं आपल्याकडे लॉलीपॉप होतं, आणि दोन हाडांचा चपटा. चपटा आधी होतो, जाड मागून. एकाच वेळी टाकले तर एक करपतो नाहीतर दुसरा कच्चा राहतो, म्हणून जाड तुकडे तीन-चार मिनिटं आधी टाका.

"इंटरनेटवर वाचून सोडा लावला, तर लाल डाग पडले आणि तोंड कडू झालं"

तुम्ही लावला खायचा सोडा. लावायची होती बेकिंग पावडर. बेकिंग पावडर चमडीचा आम्लपणा थोडा कमी करते, त्यामुळे रंग लवकर येतो आणि बारीक फोड येऊन चमडी खुसखुशीत होते. किलोला सपाट दोन लहान चमचे, मिठातच मिसळून. सोडा हा तिच्यापेक्षा कितीतरी तीव्र असतो. तेवढ्याच मापाने घातला तर साबणासारखी चव येते.

आणि लाल डाग हळदीचे. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तेच इथे सोड्याने झालं. बेकिंग पावडर वापरायची असेल त्या दिवशी हळद लावू नका. हळदीशिवाय चिकनला हात लावायचा म्हणजे घरात दोन शब्द ऐकावे लागतील, ते ऐका.

"मसाला करपतो आणि आतून कच्चं राहतं"

दही, लिंबू, आलं-लसणाची पेस्ट, तिखट, सावजी मसाला, वरून मध. हे सगळं लावून रात्रभर मुरवलं आणि मोठ्या आचेवर टाकलं, की पहिलं करपणार लसूण, मग मध, मग तिखट. सावजी मसाल्यात सुकं खोबरं आणि खसखस असते, ती तर आधीच भाजलेली, दुसऱ्यांदा एवढी आच तिला सोसत नाही. शिवाय दही आणि पेस्ट म्हणजे परत पाणीच.

मॅरिनेट करायचंच नाही, असं माझं मत. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात अँकर बारमध्ये 1964 साली टेरेसा बेलिसिमो यांनी जे विंग्स केले, आणि ज्यांच्यावरून जगभरचे बफेलो विंग्स आले, त्यातली युक्ती हीच आहे: पीठ नाही, मुरवणं नाही, विंग्स कोरेच तळायचे आणि तळून झाल्यावर तिखट-आंबट सॉस आणि लोण्यात घोळायचे. चव आचेवर जातच नाही, मग करपेल कशी?

हीच गोष्ट आपल्या तर्रीला जशीच्या तशी लागू पडते. हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांतून आलेली सावजी तर्री म्हणजे मुळात मसाल्याने भरलेलं तेलच. नेहमीसारखा कांदा-खोबऱ्याचा मसाला तेलात परता, तेल सुटेपर्यंत, पण रश्शाचं पाणी घालू नका. पातळ तर्री असेल तर विंग्स पाच मिनिटांत भिजून मऊ पडतात. किलोभर विंग्सना चार-पाच मोठे चमचे घट्ट तर्री पुरे. मोठ्या पातेल्यात गरम विंग्स, वरून गरम तर्री, दोन झटके, आणि लगेच ताटात. पारंपरिक सावजीत जवसाचं तेल असतं, ते तर्रीपुरतंच ठेवा, विंग्स तळायला नको. ते लवकर धुरावतं आणि कडवट होतं. तळायला शेंगदाण्याचं किंवा रिफाइंड सोयाबीन.

बफेलोसारखंच हवं असेल तर आपल्या जिल्ह्यातली भिवापुरी मिरची आहे. वाळलेल्या मिरच्या व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून लसूण-मिठाबरोबर वाटा, गाळा, तेवढंच लोणी घालून मंद आचेवर एकजीव करा. उकळू देऊ नका, लोणी फुटतं. बाटलीतल्या सॉसपेक्षा हे मला जास्त आवडतं, आणि भिवापुरीला रंग आणि तिखटपणा दोन्ही आहे.

"हाडापाशी लाल दिसतं, म्हणजे कच्चंच ना?"

तसं नाही. ब्रॉयलर कोवळा असतो, हाडं सच्छिद्र असतात, आतल्या मगजाचा लाल रंग शिजतानाही झिरपून बाहेर येतो. गोठवलेल्या चिकनमध्ये हे जास्त दिसतं. रंगावरून ठरवलं तर पूर्ण शिजलेले विंग्स परत तेलात जातात आणि लाकूड होतात.

शंभर टक्के खात्री हवी तर थर्मामीटर घ्या. जाड तुकड्याच्या मध्ये, हाडाला न टेकवता टोचा. 74 अंश झालं की खायला सुरक्षित. पण विंग्स तिथेच थांबवू नका. कोलॅजन विरघळून मांस हाडापासून सुटायला अजून वर जावं लागतं, 85 ते 90 पर्यंत नेले तरी छातीच्या मांसासारखे कोरडे पडत नाहीत. थर्मामीटर नसेल तर चपटा तुकडा घेऊन त्यातलं एक हाड पिळून बघा. सहज फिरलं आणि सुटून आलं तर झालं.

आच आणि वेळ

कढई: दोनदा तळायचं. पहिल्यांदा 160 च्या आसपास, आठ ते दहा मिनिटं, रंग फिकटच राहील. काढून जाळीवर दहा मिनिटं ठेवा, आतली वाफ बाहेर येऊ द्या. मग तेल 190 वर नेऊन दोन-तीन मिनिटं. एका घाण्यात सहा-आठ तुकड्यांपेक्षा जास्त नको. पाहुणे आले म्हणून कढई भरली की तेल एकदम थंड होतं आणि विंग्स तेल पितात. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन): दोन्ही रॉड लावून पंधरा मिनिटं आधी तापवा. विंग्स थेट ट्रेवर नको, जाळीवर, खाली फॉइल घातलेला ट्रे. आधी 120 वर अर्धा तास, चरबी वितळेपर्यंत, मग 220 वर चाळीस मिनिटं. घरगुती ओटीजीची चकती बरेचदा खोटं बोलते, त्यामुळे घड्याळापेक्षा रंग पाहा. जाळीला विंग चिकटला असेल तर ओढू नका, तो अजून सुटायला तयार नाही. पाच मिनिटांनी आपोआप सुटतो.

एअर फ्रायर: 180 वर वीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून, मग 200 वर पाच ते आठ मिनिटं. एकच थर. चार लिटरच्या टोपलीत अर्धा किलोच्या वर गेलात तर तुम्ही परत वाफवायला लागलात.

"ओट्यावर कुरकुरीत होते, जेवायला बसलो तर मऊ"

हा खास आपल्या गावचा रोग आहे, आणि कारण खिडकीत बसलेलं असतं: कूलर. डेझर्ट कूलर ओल्या खसातून हवा ओढतो, म्हणजे घरभर दमट वारा सोडतो. आपल्या मेच्या कोरड्या हवेत विंग्स बाहेर तासभर टिकतील, पण कूलरच्या झोतात पंधरा मिनिटांत चमडी ओल खेचून घेते. पापडाचं जे होतं तेच. ताट कूलरच्या समोरून हलवा, किंवा खायच्या वेळेपुरता पंपाचा खटका बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये कूलर नसतो पण हवाच ओली असते, तेव्हा शेवटचं तळणं सगळे बसल्यावरच करायचं.

आणि झाकण. तळलेले विंग्स गरम राहावेत म्हणून कॅसरोलमध्ये घालून वर झाकण लावलं तर सगळी मेहनत वाफेत गेली. टिश्यूच्या थरावर ढीग करून ठेवला तरी खालचे ओले होतात. जाळीवर पसरून ठेवा, आणि उशीर होणार असेल तर ओटीजी शंभर अंशांवर, दार किंचित उघडं.

चमडीचे मिळालेच नाहीत तर

तर मग कोरे तळायचा हट्ट सोडा. चमडी नसलेल्या विंग्सना वरून कवच द्यावं लागतं: मीठ, मिरपूड, आलं-लसूण अगदी घट्ट, एक अंड्याचा पांढरा भाग, आणि तांदळाचं पीठ व कॉर्नफ्लोअर सारख्या मापाने. मैदा टाळा, तो लवकर मऊ पडतो. कवच तेलात सुटून जात असेल तर एक तर तुकडे ओले होते, नाहीतर पीठ लावून लगेच तळले. पीठ लावल्यावर वीस मिनिटं तसेच राहू द्या, कोरडं पीठ कुठे दिसत नाही असं झालं की तळा.

संत्र्याचं ग्लेझ कडू का होतं

नागपुरात राहून हे कोणी करून पाहिलं नसेल असं होत नाही. संत्र्याचा रस आटवायचा, गूळ घालायचा, विंग्सना चोपडायचा. रस काढल्यावर चाखला तर गोड, आटवल्यावर कडूजहर. गूळ वाढवला तरी मागून कडवटपणा येतोच.

आपल्या संत्र्याच्या बिया आणि पांढऱ्या सालपटात लिमोनिन या कडू द्रव्याचं मूळ असतं. अख्ख्या फळात ते कडू लागत नाही. रस काढून ठेवला किंवा तापवला की हळूहळू त्याचं कडू लिमोनिन होतं. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवला तर अजूनच. रस आटवून घट्ट करायच्या उद्योगाला इथेच रामराम. त्याऐवजी गूळ, व्हिनेगर, थोडी भिवापुरी आणि मीठ यांचा पाक घट्ट करा, गॅस बंद करा, आणि मग त्यात संत्र्याच्या सालीचा फक्त केशरी भाग बारीक किसून घाला. हाताने, बिया न चिरडता पिळलेला दोन चमचे ताजा रस शेवटी. वास पूर्ण संत्र्याचा येतो, कडवटपणा नाही. साखरेचं काहीही विंग्सवर फक्त शेवटी, आचेवरून उतरवल्यावर.

उरलेले विंग्स दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये नको, एअर फ्रायरमध्ये 180 वर पाच-सहा मिनिटं किंवा लोखंडी तव्यावर चमडीची बाजू खाली ठेवून मंद आचेवर, वरून काही न झाकता. तर्री लावलेले असतील तर कुरकुरीतपणा परत येणार नाही, ते मोडून भातात घाला. कापून ठेवलेली टोकं साठत गेली की एका रविवारी कुकरला लावा, त्यातल्या चिकाने रस्सा चांगला दाट होतो.